कोंबडीच्या पायाला बिब्बा

शनिवारपर्यंत साता समुद्रापारच्या अर्विंगमध्ये नोव्हेंबर असून पंखा लावायची वेळ होती, आणि रविवारी पहाटे उत्तरेचं वारं असं सुटलं की कुंपणाच्या फळ्या खडखडायला लागल्या. पद्मिनीबाई सहाला उठल्या. नऊवारीवर लेकाचं जुनं जॅकेट चढवलं, कानाला मफलर गुंडाळला आणि गॅरेजात गेल्या. रोज दाराचा आवाज झाला की कोंबडी एका पायावर उड्या मारत खोक्याच्या काठाशी यायची. आज ती पडूनच राहिली. मान वर करून तिनं त्यांच्याकडं बघितलं आणि पुन्हा पिसांत खुपसली.

पद्मिनीबाईंनी तिला उचललं. डावा पाय गार, मधला सांधा बोराएवढा सुजलेला, बोटं आवळलेली. छातीचं हाड हाताला टोचत होतं. "आगं पोरी, काय हे," त्या पुटपुटल्या. माणदेशातल्या मळ्यात त्यांनी चाळीस वर्षं कोंबड्या पाळल्या होत्या. थंडीत बसलेली कोंबडी तिसऱ्या-चौथ्या दिवशी जाते, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं.

ही कोंबडी त्यांच्या नातीची, आन्याची. एप्रिलात शाळेत मशीनमध्ये अंडी उबवली होती. अकरा पिल्लं धड निघाली, ती फार्मवाला परत घेऊन गेला. बारावं डाव्या पायानं वाकडं निघालं. वाकडं कोण नेतो? आठ वर्षांची आन्या रडून रडून लाल झाली आणि त्याला बुटाच्या खोक्यात घालून घरी आली. नाव ठेवलं पॉपकॉर्न. कॉलनीच्या नियमात कोंबडी बसत नव्हती, म्हणून तिचा मुक्काम गॅरेजात, गाड्यांच्या मागं, कुणाला दिसणार नाही असा.

पद्मिनीबाई ऑगस्टात आल्या तेव्हा या घरात त्यांना हात लावायला दुसरं कामच नव्हतं. भांडी मशीन घासायचं, कपडे मशीन धुवायचं, जमीन एक चपटं यंत्र आपलं आपण फिरून पुसायचं. लेक प्रसन्न सकाळी गाडी काढून ऑफिसला जायचा. सून रुचा पुण्याची, घरूनच काम करायची, वरच्या खोलीत दार लावून. कंपनीत दुसऱ्यांनी केलेल्या कामातल्या चुका शोधायच्या, हे तिचं काम, आणि घरातही तिची नजर तशीच चाले. गोड बोलायची, पण मोजून. तेव्हा सासूबाईंनी गॅरेज धरलं. खोक्यातला भुसा बदलायचा, शी खरवडायची, कोंबडीला दहीभात चारायचा, तिच्याशी बोलायचं. त्यात त्यांचा दिवस जायचा.

सोमवारी रुचानं मीटिंग कॅन्सल केली आणि कोंबडी डॉक्टरकडं नेली. पक्षी बघणारा डॉक्टर तासाभराच्या अंतरावर. पद्मिनीबाई मागच्या सीटवर कोंबडीला पंच्यात गुंडाळून बसल्या. डॉक्टरनं पाय ओढून बघितला, फोटो काढला, तोंड वाकडं केलं. तो काय म्हणाला ते परत येताना रुचानं सांगितलं.

"शीर सांध्यावरून घसरली आहे, आई. गरम मिठाच्या पाण्यात पाय बुडवा म्हणाला, सूज उतरली तर उतरली. शुक्रवारपर्यंत उभी राहिली नाही तर तिला झोपवू म्हणाला."

"झोपवू म्हंजी?"

"इंजेक्शन देऊन."

पद्मिनीबाईंनी कोंबडीभोवतीचा पंचा घट्ट केला. मग म्हणाल्या, "माज्याकडं एक औशद हाय."

"नको," रुचा आरशातून त्यांच्याकडं बघत म्हणाली. "प्लीज, तिच्यावर गावठी काही करू नका. इन्फेक्शन झालं तर नुसता ताप होईल."

संध्याकाळी आन्यानं झोपवण्याचं ऐकलं आणि तिनं ताट सरकवून दिलं. गॅरेजात येऊन आजीच्या मांडीशी बसली. "आजी, शी इज ओन्ली अ बेबी," म्हणाली. "तू फिक्स कर ना."

आता नात असं म्हणाल्यावर आजीनं काय करावं?

पद्मिनीबाईंच्या बॅगेत हळदीच्या डब्यात फडक्याची एक पुरचुंडी होती. तिच्यात पाच बिब्बे. काळे, टणक, चपटे. बैल लंगडला की बिब्बा, माणसाचा पाय मुरगळला की बिब्बा, बाळंतिणीला बिब्बा, त्यांचा सगळा जन्म बिब्ब्यावर गेला होता. सुईला टोचून दिव्यावर धरायचा, काळं तेल सुटलं की दुखऱ्या जागी ठिपके द्यायचे. आतली कळ बाहेर येते. फक्त हात सांभाळायचा. चुकून दुसऱ्याच्या अंगाला लागला की तो उततो, फोड येतात, आणि ते फोड पळी तापवून डागल्यासारखे दिसतात.

मंगळवारी दुपारी आन्या बसमधून उतरून आली तेव्हा रुचा वर मीटिंगमध्ये होती. घरात चुलीला जाळ नाही, नुसती काच तापते. म्हणून पद्मिनीबाईंनी देवापुढची समई उचलून गॅरेजात आणली. आन्या कोंबडीला मांडीवर घेऊन बसली, दोन्ही हातांनी पंख दाबून.

"हलू देऊ नगंस हां."

"ओके, आजी."

पहिला ठिपका दिला. कोंबडी कुरकुरली. दुसरा दिला. तिसरा देताना तिनं असा काही हिसडा मारला की सुईवरचा बिब्बा आन्याच्या डाव्या हातावर पडला आणि मनगटापासून कोपराकडं गडगडत जाऊन खाली पडला. पद्मिनीबाईंनी पदरानं हात पुसला. तीन जागी काळं लागलं होतं. त्यांनी धावत जाऊन खोबरेल आणलं आणि चोळचोळ चोळलं.

"दुकतंय का?"

"नाही. जस्ट वॉर्म."

नाहीच लागलं वाटतं, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. सुईसकट तो बिब्बा दारातल्या तुळशीच्या कुंडीत पुरला. आणि मग, जसं कुठलीही आजी सहज बोलून जाते, जसं त्यांची आजीही त्यांना म्हणाली असेल, तसं त्या म्हणाल्या, "आईला सांगू नगंस हां. ती उगं रागवंल. कुणालाच सांगू नगंस."

आन्यानं शहाण्यासारखी मान हलवली.

बुधवारी आन्या लांब बाह्यांचा शर्ट घालून शाळेत गेली. थंडी होती, कुणाला काही वाटलं नाही. गुरुवारी बस आली आणि आन्या उतरली नाही. पद्मिनीबाई खिडकीशी उभ्या होत्या. बस निघून गेली तरी उभ्याच राहिल्या. मग जिन्यावरून रुचाचे पाय वाजले. ती फोन कानाला लावून खाली येत होती आणि तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"तिच्या हाताला काय झालंय?" फोन बंद करून तिनं विचारलं. "आई, तिच्या हाताला काय केलंत तुम्ही?"

पद्मिनीबाईंची नजर दारातल्या तुळशीच्या कुंडीकडं गेली.

पाच वाजता सरकारी बाई आली. प्रसन्न अर्ध्या दिवसातून घरी आला होता, आन्याला रुचानं शाळेतून मुलांच्या डॉक्टरकडं आणि डॉक्टरकडून घरी आणलं होतं. बाईचं नाव डॉसन. उंच, पन्नाशीची, पायांत जाड बूट, गळ्यात फोटोचं कार्ड. मुलांना घरात कुणी मारतं-झोडतं का, ते बघणाऱ्या खात्यातली. आधी ती आन्याला घेऊन बाजूच्या खोलीत बसली, दार लावून. वीस मिनिटं. बाहेर तिघंही एकमेकांकडं न बघता बसले होते. मग ती बाहेर आली आणि हळू आवाजात, हसऱ्या तोंडानं बोलायला लागली. तेच पद्मिनीबाईंना सोसवेना. गावाकडं फौजदार शिव्या घालत येतो, निदान कळतं तरी कुठं उभं राहायचं.

बाईनं टेबलावर फोटो ठेवला. आन्याचा गोरा हात, त्याच्यावर तीन गोल फोड, पाणी धरलेले, एका ओळीत.

"काय म्हनत्यात रं?" पद्मिनीबाईंनी विचारलं.

प्रसन्न घसा खाकरून म्हणाला, "शाळेतल्या नर्सनं विचारलं हे कशानं झालं. तर आन्या म्हणाली, आजीनं सांगितलंय, कुणाला सांगायचं नाही."

 त्या शब्दांचा इथं असा अर्थ होईल हे पद्मिनीबाईंच्या मनातसुद्धा आलं नव्हतं. खुर्चीचा हात धरून त्या बसून राहिल्या.

बाईनं काहीतरी विचारलं. रुचा बोलायच्या आत प्रसन्न बोलला. घाईघाईनं, हात हलवत. पद्मिनीबाईंना इंग्रजी येत नव्हतं, पण तीन महिन्यांत काही शब्द कानाला लागले होते. कुकिंग. ऑइल. पुन्हा ऑइल. त्यांना कळलं. लेकानं फोड बघताच ओळखलं होतं, लहानपणी त्याच्या पायालाही बिब्बा उतलाच होता. पण बिब्बा म्हटलं की कोंबडी आली, कोंबडी म्हटलं की कॉलनीचे नियम आले, आणि पुन्हा ती काळी बी काय असते हे कुठल्या तोंडानं समजवायचं. म्हणून त्यानं कढईतलं तेल उडालं म्हणून सांगितलं. बाई वहीत लिहीत होती. मग तिनं बंद दाराकडं बघितलं, जिथं आन्या बसली होती, आणि एक प्रश्न विचारला. प्रसन्नच्या कानशिलावर घाम आला.

"आन्यानं काय वेगळं सांगितलं का?" पद्मिनीबाई म्हणाल्या.

"आई, तू थांब जरा."

"न्हाय थांबत. खोटं कशापायी बोललास?"

त्या उठल्या. गॅरेजात गेल्या आणि कोंबडी काखेत मारून आल्या. दुसऱ्या हातात पुरचुंडी. बाईच्या समोर त्या पांढऱ्या सोफ्यावर, जिथं रुचा कुणाला चहासुद्धा पिऊ देत नसे, त्यांनी कोंबडी ठेवली आणि तिचा सुजका पाय धरून दाखवला. दोन काळे ठिपके, तिसरा अर्धवट. पुरचुंडी सोडून बिब्बे दाखवले. सुई कशी धरली, दिवा कुठं होता, कोंबडीनं हिसडा कसा मारला, सगळं हातवाऱ्यांनी करून दाखवलं. "सांग तिला," लेकाला म्हणाल्या. "शब्दान् शब्द सांग."

प्रसन्नानं सांगितलं. बाई उठून सोफ्याजवळ खाली बसली. कोंबडीचा पाय बघितला, हात लावला नाही. फोटो काढले. मग पद्मिनीबाईंकडं बघून सावकाश काहीतरी विचारलं.

प्रसन्न खाली बघत म्हणाला, "विचारतायत, कोंबडीलापण भाजलंत का."

पद्मिनीबाईंना वाटलं होतं, कोंबडी बघितली की सगळं उलगडेल. उलगडायचं राहिलं बाजूला, आता त्या जनावरालाही डागणारी बाई ठरल्या. त्यांनी कोंबडी सोफ्यावरून उचलून पुन्हा काखेत घेतली. 

बाईनं एक कागद पुढं केला. चौकशी पुरी होईपर्यंत आजी आणि मुलगी एकट्या एका खोलीत राहणार नाहीत. रात्री मुलगी आईबापांजवळ झोपेल. त्या बिया कुलपात. बाई सोमवारी चारला परत येईल. रुचानं सही केली. प्रसन्नानं केली. पद्मिनीबाईंनी मराठीत आपलं नाव लिहिलं, दोनदा अक्षर चुकलं.

बाई गेल्यावर रुचानं हात पुढं केला. "ती पुरचुंडी द्या." तिनं बिब्बे प्लॅस्टिकच्या पिशवीत घातले आणि वर घेऊन गेली. 

"आई, तुला कळतंय का काय झालंय?" प्रसन्न सोफ्यावर डोकं धरून बसला होता. "हे वाढलं तर आन्याला घेऊन जातात. आपल्या घरातून. आमच्या व्हिसाचं काय होईल ते वेगळंच. आन्याला घेऊन जातात, आई."

"कुटं नेत्यात?"

"मला काय माहीत कुठं."

थोड्या वेळानं तो म्हणाला, "सोमवार जाऊ दे. मग तुझं तिकीट बघतो."

शुक्रवार उजाडला. कोंबडीला झोपवायचा दिवस हाच होता, आणि तो कुणाच्याच लक्षात राहिला नाही. पद्मिनीबाई स्वयंपाकघरात होत्या तेवढ्यात आन्या दूध घ्यायला आली, हाताला पांढरी पट्टी. पद्मिनीबाईंनी हातातलं पीठ तसंच ठेवलं आणि मागच्या दारानं बाहेर झाल्या. आपल्याच नातीला बघून असं पळायचं. थंडीत उघड्या पायांनी त्या गॅरेजाच्या दाराशी उभ्या राहिल्या आणि रडल्या.

प्रसन्नानं ठरवलं होतं की कोंबडी ऑफिसातल्या राजीवकडं देऊन टाकायची, त्याची गावाबाहेर थोडी जमीन आहे. खोकं त्यानं गाडीत ठेवलंसुद्धा होतं. रुचा बाहेर आली. "ठेव ते परत. त्या बाईनं फोटो काढलेत. आता हलवली तर लपवली म्हणेल." मग सासूकडं न बघता म्हणाली, "सोमवारपर्यंत ही जगली पाहिजे."

तेवढं काम तरी त्यांना राहिलं. दिवसातून चार वेळा टबात कोमट पाणी, मीठ, त्यात पाय. कपड्यांच्या टोपलीला जुनी ओढणी बांधून, तिला दोन भोकं पाडून त्यांनी कोंबडीचा पाळणा केला, म्हणजे पाय लोंबते राहतील आणि छातीवर भार येणार नाही. ड्रॉपरनं पाणी पाजलं. तिच्या घशात पाणी खाली उतरतं की नाही ते बोट लावून बघितलं. हिला काही झालं तर बिब्बा लावला होता हे सांगणारं दुसरं कोण आहे, हा एकच विचार डोक्यात फिरत होता. मुकं जनावर ते, तेही काय सांगणार होतं.

संध्याकाळी आन्या गॅरेजाच्या उंबऱ्यावर येऊन उभी राहिली. पाठीमागं रुचा उभी होती, नियमाप्रमाणं.

"आजी, आय ॲम सॉरी. मी सांगितलं."

"तू खरं बोललीस, बाळा. चुकलं ते माजं."

"तू इंडियाला जाणार?"

पद्मिनीबाई टबातल्या पाण्यात मीठ ढवळायला लागल्या. रुचानं मुलीच्या खांद्यावर हात ठेवून तिला आत नेलं.

त्याच संध्याकाळी त्यांना एक सुचलं. बिब्बा काय करतो हे या लोकांनी कधी बघितलं नाही, म्हणून त्यांना कळत नाही. मग दाखवावं. दारातल्या कुंडीतून त्यांनी तो पुरलेला बिब्बा काढला, पुसला, समईवर धरला. तेल कमी सुटलं, पण सुटलं. आपल्या डाव्या मनगटावर त्यांनी तीन ठिपके दिले, आन्याच्या हातावर होते तेवढ्याच अंतरावर. सोमवारपर्यंत फोड येतील. बाईला म्हणायचं, बघ, मी स्वतःला काय उगंच डागून घेतलं का?

शनिवारी सकाळी मनगट बघितलं. तीन काळे ठिपके. शनिवारी संध्याकाळी तेच. रविवारी पहाटे त्या उठून दिव्याखाली हात धरून बसल्या. सूज नाही, लाली नाही, खाजसुद्धा नाही. ठिपका नखानं खरवडला तर पापुद्रा निघाला आणि खाली त्यांची जुनी, जाड, रापलेली कातडी जशीच्या तशी. मग त्यांच्या ध्यानात आलं. उभा जन्म हातानं बिब्बे फोडलेले. या कातडीला बिब्ब्याची काय पर्वा. त्या हतबुद्ध होऊन बसल्या. देवापुढं हात जोडले आणि म्हणाल्या, एवढा एक फोड दे. आयुष्यात त्यांनी असलं मागणं कधी मागितलं नव्हतं.

रविवारभर रुचा त्यांच्याशी बोलली नाही. अंगात लांब बाह्यांचा जाड स्वेटर, भांडी लावतानाही तिनं बाह्या वर केल्या नाहीत. एकदा दोघी सिंकपाशी आल्या तर ती हात आखडून बाजूला झाली. आता आपला वाराही तिला नको, असं पद्मिनीबाईंना वाटलं आणि ते त्यांच्या मनाला फार लागलं.

सोमवारी चारला डॉसनबाई आली. तोच सोफा, तीच वही. आन्याचे फोड उतरणीला लागले होते, ते बघून झाले. कोंबडी टोपलीसकट मध्ये आणून ठेवली होती. सूज थोडी कमी वाटत होती, पण ती पद्मिनीबाईंनाच वाटत होती की खरंच होती, कोण जाणे.

बाईनं विचारायच्या आत पद्मिनीबाईंनी मनगट पुढं केलं. "सांग तिला," प्रसन्नला म्हणाल्या, "शुक्रवारी मी सोता लावून घेतला. ह्यो बग त्योच बिब्बा. पर माजी कातडी राबनाऱ्या बाईची हाय, तिला काय व्हत न्हाय. पोरीची कवळी, तिला उतला." बोलता बोलताच त्यांना कळत होतं की हे किती पोकळ वाटतंय. प्रसन्न भाषांतर करताना अडखळला. बाईनं त्यांचं मनगट हातात घेतलं, अंगठ्यानं ठिपका चोळला. तो निघून आला. खाली काहीच नव्हतं.  बाईनं पेनाचं टोपण काढलं.

"एक मिनिट," रुचा म्हणाली.

ती उठून दिव्याजवळ आली आणि स्वेटरची डावी बाही कोपरापर्यंत वर केली.

मनगटाच्या वर तीन फोड होते. टम्म, पिवळट पाणी धरलेले, भोवती लालभडक कडं, एका ओळीत. आन्याच्या फोटोतले उचलून ठेवावेत तसे. त्यांच्या शेजारी पेनानं काढलेलं चौथं वर्तुळ होतं आणि त्या वर्तुळात कातडी स्वच्छ होती.

प्रसन्न उभाच राहिला. "रुचा, हे काय?"

ती त्याच्याकडं न बघता बाईशी बोलत होती, ऑफिसात बोलावं तसं, एकेक मुद्दा. फोन पुढं करून फोटो दाखवत होती, प्रत्येक फोटोवर वार आणि वेळ. मग ती पद्मिनीबाईंकडं वळली आणि तेच मराठीत सांगितलं, त्यांना कळावं म्हणून.

"शनिवारी सकाळी लावला. हे तीन बिब्ब्याचे. ही चौथी जागा नुसत्या खोबरेलाची, तेवढंच गरम करून लावलं. गरमपणानं भाजलं असतं तर चारही जागी भाजलं असतं."

"आगं, तू कशाला..." पद्मिनीबाई तिचा हात धरायला पुढं झाल्या.

"टेस्ट केल्याशिवाय मी काही सांगत नाही, आई. आणि ते पिशवीतले बिब्बे माझ्याकडंच होते." तिचा आवाज पहिल्यांदा हलला. "खूप दुखतंय हे. आन्यानं दोन दिवस एकटीनं सोसलं."

डॉसनबाईनं कितीतरी वेळ तो हात बघितला. मग आन्याच्या डॉक्टरला फोन लावून रुचाचा हात त्याला कॅमेऱ्यातून दाखवला, आणि एक बिब्बा पिशवीसकट वर धरला. दोघांचं बरंच बोलणं झालं. फोन ठेवल्यावर ती सोफ्याला टेकली. म्हणाली, लहानपणी आमच्या शेताच्या कुंपणावर एक रानटी वेल यायची, तिचा चीक लागला की असेच फोड यायचे. माझ्या भावाचं तोंड आठवडाभर सुजलं होतं. प्रसन्न भाषांतर करत होता आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, ते त्याला कळत नव्हतं.

बाईनं तो कागद परत घेतला. आजी मुलीबरोबर राहू शकते, मी तसं लिहून देते, म्हणाली. त्या बिया मुलीपासून लांब. आणि कोंबडीचं आमच्या खात्याला काही देणंघेणं नाही, ते तुम्ही आणि तुमची कॉलनी बघा. दाराशी गेल्यावर ती थांबली आणि थेट पद्मिनीबाईंना काहीतरी म्हणाली.

"म्हणतायत," प्रसन्न हळूच म्हणाला, "मुलीला गुपित ठेवायला पुन्हा कधी सांगू नका. कुठलंच."

पद्मिनीबाईंनी दोन्ही हात जोडले.

गाडी गेल्याचा आवाज आला तशी रुचा मटकन स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसली. "डॉक्टरच्या ट्यूबनं आग जात नाही," म्हणाली. "तुमच्याकडं काही आहे का ह्याच्यावर?"

पद्मिनीबाईंनी सुक्या खोबऱ्याची वाटी काढली, तुकडा तोंडात टाकला, चावून चावून चोथा केला आणि सुनेच्या हातावर लावायला वाकल्या. मधेच थबकल्या. ही पुण्याची पोरगी, दुसऱ्याच्या उष्ट्या पेल्यातलं पाणीही पीत नाही.

"लावा," रुचा डोळे मिटून म्हणाली. "चावलेलंच लागतं का?"

"लागतंय."

"मग लावा."

प्रसन्न दारात उभा होता. तिकिटाचं तो बोलला नाही, त्यांनीही विचारलं नाही.

थोड्या वेळानं रुचाचा फोन वाजला. तिनं हाताला फडकं गुंडाळलं आणि उठली. "मला मीटिंग आहे, आई. आन्या गॅरेजात आहे. तुम्ही बसा तिच्याजवळ." ती जिन्यानं वर गेली आणि आपल्या खोलीचं दार लावून घेतलं. पद्मिनीबाई ते दार लागल्याचा आवाज ऐकत जिन्याखाली थोडा वेळ उभ्या राहिल्या.

गॅरेजात आन्या टोपलीसमोर पोटावर पालथी झोपली होती. पद्मिनीबाई जवळ जाऊन बसल्या, पण हातभर अंतर ठेवून. चार दिवसांची भीती अंगातून एवढ्यात कशी जाईल. आन्याच घसरत आली आणि तिनं मांडीवर डोकं ठेवलं.

"आजी, लुक. तिचा पाय."

ओढणीच्या भोकातून कोंबडीचा डावा पाय टोपलीच्या तळाला टेकला होता. आवळलेल्या बोटांतली दोन बोटं सुटून पसरली होती. तिनं ती टेकवली, उचलली, पुन्हा टेकवली.  उद्या ही उभी राहील की नाही, ते पद्मिनीबाईंना माहीत नव्हतं, आणि राहीलच असं त्या म्हणणारही नव्हत्या.

आन्यानं मान वळवून वर बघितलं, आणि आजीच्या कानाशी येऊन अगदी हळू, चोरट्या आवाजात विचारलं, "मॉमला सांगू?"

पद्मिनीबाईंनी तिला दाराकडं वळवलं.

"सांग," त्या म्हणाल्या. "मीटिंग असली तरी सांग. जा, आत्ता जा."